लॉ ॲडमिशन आणि स्कॉलरशिप: आधी बघा, कुठल्या दारातून आत जाताय

प्रश्न थोडक्यात असा आलाय. मुलगी अंबाजोगाईजवळच्या खेड्यातली, बारावी आर्ट्सला ७१ टक्के, ओबीसी, वडलांची तीन एकर कोरडवाहू, आई अंगणवाडी मदतनीस. डिसेंबरात राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, क्लॅट, दिली, रँक वीस हजाराच्या पुढं गेली. राज्याची पाच वर्षांच्या लॉची सीईटी पण दिली, स्कोअर बरा आलाय पण कॅप, म्हणजे राज्याची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, अजून सुरू झालेलं नाही. तेवढ्यात एका खासगी विद्यापीठातून फोन आला की तुला चाळीस टक्के स्कॉलरशिप मंजूर झालीय, रविवारपर्यंत पन्नास हजार भर आणि सीट बुक कर. वडील आईच्या पाटल्या गहाण ठेवायला निघालेत. ती विचारते, मॅडम काय करू.

पोरी, पन्नास हजार भरू नकोस. रविवार जाऊ दे. पाटल्या घरातच राहू देत.

मी एकवीस वर्षं जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करते आणि दर वर्षी जून ते सप्टेंबर माझ्या ऑफिसात पक्षकारांच्या बरोबरीनं ॲडमिशनची मुलं-मुली बसलेली असतात, त्यामुळं हा फोन मला पाठ आहे. फोनवरचं माणूस गोड बोलतं, तुझं नाव घेऊन बोलतं, "मॅनेजमेंटनं खास तुमच्यासाठी" असं म्हणतं, आणि घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजला चाललेलं असलं की आई-वडलांना वाटतं देव पावला. पण त्या फोनवरची स्कॉलरशिप आणि सरकारी योजनेतली स्कॉलरशिप या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, शब्द तेवढा एक आहे. पहिली म्हणजे त्यांनीच ठरवलेल्या फीवर त्यांनीच दिलेली सूट, ती पुढच्या वर्षी काढूनही घेता येते. दुसरी म्हणजे शासन निर्णयानं मिळालेला हक्क, पण तो एका विशिष्ट दारातून आत गेलीस तरच मिळतो. ते दार म्हणजे कॅप. माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते की लॉची ॲडमिशन आणि लॉची स्कॉलरशिप ही दोन कामं नाहीत, एकच आहे. आत कुठून शिरलात त्यावर पुढची पाच वर्षं फी कोण भरणार ते ठरतं, आणि एकदा चुकीच्या दारातून शिरलं की नंतर कितीही अर्ज करा, उपयोग होत नाही.

तुझ्या केसमध्ये तर हे फारच स्पष्ट आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे, आधी ही सवलत पन्नास टक्के होती. आई-वडील दोघांचं मिळून उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे. लॉ हा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे, तू ओबीसी आहेस, तुझ्या घरचं उत्पन्न आठ लाखांच्या कितीतरी आत आहे. म्हणजे नीट कागद असले तर तुझी ट्युशन फी शून्य आहे, अगदी विनाअनुदानित लॉ कॉलेजातसुद्धा. अट काय, तर प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून म्हणजे कॅपमधून झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था स्तरावरून घेतलेला नको, आणि खासगी विद्यापीठ किंवा अभिमत विद्यापीठ नको. तुला फोन आला ते नेमकं यात बसत नाही. फोनवर ही गोष्ट तुला कोणी सांगितली का? नसेलच सांगितली.

आता त्यांचा हिशोब मांडू, कारण आकडा डोळ्यासमोर आल्याशिवाय वडलांना पटणार नाही. समज ट्युशन फी वर्षाला तीन लाख आहे. चाळीस टक्के गेले, राहिले एक लाख ऐंशी हजार. हॉस्टेल-मेसवर सूट नसते, ते समज दीड लाख, आणि बऱ्याच ठिकाणी हॉस्टेल घ्यावंच लागतं. झाले तीन लाख तीस हजार वर्षाला, पाच वर्षांचे साडेसोळा लाख. हे सगळं सुरळीत झालं तर. पण त्या पत्रात बहुतेक वेळा बारीक अक्षरात असतं की दर वर्षी अमुक इतका सीजीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, राखला तरच सूट चालू राहील. पहिल्या वर्षी मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजी केस वाचायची सवय व्हायलाच सहा महिने जातात, तेवढ्यात सीजीपीए घसरला आणि दुसऱ्या वर्षापासून सूट गेली, तर एकूण खर्च एकवीस लाखांच्या वर जातो. फी दरवर्षी वाढते ती यात मी धरलेलीच नाही. असं कुठलंही ऑफर लेटर आलं की मी तीनच गोष्टी लेखी मागायला सांगते: सूट कशावर आहे, ती टिकवायची अट काय आहे, आणि ॲडमिशन रद्द केली तर किती पैसे किती तारखेपर्यंत परत. फोनवरचं बोलणं धरायचं नाही, ईमेल मागायचा. यूजीसी फी परतीच्या तारखा जाहीर करतं, त्या बघून ठेवायच्या, पण बुकिंगचे पैसे परत मिळवायला माझ्या ओळखीच्या एका मुलाला सात महिने हेलपाटे घालावे लागलेत. हेलपाट्यांची ताकद आपल्याकडं नसते म्हणून आधीच न भरलेलं बरं.

आणि रविवारचीच घाई का, ते पण समजून घे. आपली सीईटी साधारण एप्रिल-मे मध्ये होते, आणि कॅपचे राउंड जुलै-ऑगस्टपासून पुढं रेंगाळत जातात, कधी दसऱ्याच्या आसपास पर्यंत. खासगी विद्यापीठांना त्याच्या आत आपल्या जागा भरायच्या असतात, कारण कॅप सुरू झालं की तुझ्यासारख्या मुलींना कळतं की कमी पैशात किंवा फुकट जागा मिळतेय. म्हणजे ती मुदत त्यांच्या गरजेची आहे, तुझ्या नाही. मैत्रिणींची कॉलेजं सुरू झालेली असतात, शेजारी विचारतात अजून नाही का झालं ॲडमिशन, आणि घरात बसून ते दोन महिने काढणं फार जड जातं हे मला माहितीय. काढायचे. त्या दोन महिन्यांत करायचं काम भरपूर आहे, ते आता सांगते, आणि यात चुकू नकोस कारण माझ्या अनुभवात मार्कांपेक्षा कागदांनी जास्त ॲडमिशनं घालवलीत.

सगळ्यात मोठा कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी. जातीचा दाखला वेगळा, तो प्रांत ऑफिसातून मिळतो, आणि व्हॅलिडिटी वेगळी, ती जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. सायन्सच्या मुलांना अकरावीपासूनच सर सांगत असतात की व्हॅलिडिटीला टाका कारण इंजिनिअरिंग-मेडिकलला लागते. आर्ट्सच्या मुलांना कोणी सांगत नाही, कारण आर्ट्सनंतर बीए करणार असं धरूनच चालतात. मग बारावीनंतर लॉची सीईटी देतात, स्कोअर येतो, कॅपचा फॉर्म भरायला बसतात आणि तिथं व्हॅलिडिटी अपलोड करा म्हटलं की घाम फुटतो. मागच्या वर्षी एका मुलीचं असंच झालं, स्कोअर चांगला, पण व्हॅलिडिटी नाही, नॉन क्रिमी लेयरची मुदत संपलेली, त्यामुळं ती ओपनमध्ये गेली आणि तिच्यापेक्षा कमी स्कोअरच्या मुलीला हवं ते कॉलेज मिळालं. काही वर्षी शासन व्हॅलिडिटीच्या अर्जाची पावती चालवून घेतं आणि ठराविक महिन्यांची मुदत देतं, पण मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही की ॲडमिशन धोक्यात येते, म्हणून पावतीच्या भरवशावर निवांत राहायचं नाही.

तू व्हॅलिडिटीबद्दल काहीच लिहिलेलं नाहीस, म्हणून मी धरून चालते की अजून काढलेली नाही. अर्ज ऑनलाइन असतो, बार्टी या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर, मग कागदांचा सेट समितीच्या ऑफिसात जमा करायचा. त्यात दोन प्रतिज्ञापत्रं असतात, नमुना ३ म्हणजे वंशावळीचं आणि नमुना १७ चं. वंशावळीत पणजोबा-आजोबांपासून खाली सगळी नावं लिहायची, आणि ती सगळ्या कागदांवर सारखीच पाहिजेत, एका ठिकाणी "ज्ञानोबा" आणि दुसरीकडं "ज्ञानदेव" असेल तर तिथंच त्रुटी निघते. खरा पेच पुराव्याचा असतो. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो, व्हीजेएनटींसाठी म्हणजे भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. तुझ्या वडलांचा जन्म साहजिकच १९६७ नंतरचा असणार, म्हणजे आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा कागद शोधावा लागेल. आजोबा शाळेत गेले असतील, दोन इयत्ता का होईना, तर त्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन प्रवेश निर्गम उतारा मागायचा. शाळेत नसतीलच गेले, तर जन्म-मृत्यूच्या नोंदीची कोतवाल बुकाची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते का बघायचं. जुन्या खरेदीखतातही कधी जात लिहिलेली सापडते. आणि सगळ्यात आधी चुलत्यांना, आत्यांना फोन कर, कारण वडलांच्या बाजूच्या रक्तनात्यात कोणाची व्हॅलिडिटी झालेली असेल, वडील, सख्खा भाऊ, चुलता, चुलत भाऊ, तर ती जोडली की काम खूपच सोपं होतं. हे विचारायला मुलींना संकोच वाटतो, भाऊबंदकीत बोलणं नसतं. तरी विचार. एका झेरॉक्सचा प्रश्न आहे.

बाकीचे कागद त्यामानानं सरळ आहेत. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, चालू वर्षाचा. नॉन क्रिमी लेयर वेगळं, त्याची मुदत पुढच्या ३१ मार्चपर्यंत पाहिजे, तारीख डोळ्यांनी वाचून खात्री कर, सेतूवाल्यानं "चालतंय" म्हटलं म्हणून सोडू नकोस. डोमिसाइल, म्हणजे वय अधिवास राष्ट्रीयत्व. दहावी-बारावीच्या मार्कशीट, टीसी. सगळ्यांवरचं नाव आधारशी जुळतंय का बघ, आडनावातला एक वेलांटीचा फरकसुद्धा नंतर महाडीबीटीवर, म्हणजे स्कॉलरशिपच्या सरकारी पोर्टलवर, त्रास देतो. सगळे कागद ओरिजिनलवरून नीट स्कॅन करून ठेव, मोबाइलवरचा वाकडा फोटो ई-पडताळणीत परत येतो आणि परत आलेला फॉर्म दुरुस्त करायला दोन-तीन दिवसच मिळतात.

आता कॅप. बरीच मुलं समजतात सीईटीचा फॉर्म भरला होता म्हणजे झालं. नाही झालं. कॅपची नोंदणी वेगळी करायची असते, फी वेगळी, कागद वेगळे अपलोड करायचे. मग पडताळणी, तात्पुरती यादी, त्यावर हरकत नोंदवायला थोडे दिवस, मग अंतिम गुणवत्ता यादी, आणि मग पसंतीचा ऑप्शन फॉर्म. तात्पुरती यादी लागली की स्वतःचं नाव, प्रवर्ग, मार्क सगळं तपास, ओबीसी लिहिलंय की ओपन पडलंय हे त्याच दिवशी बघ, कारण अंतिम यादीनंतर कोणी ऐकत नाही. या दोन-तीन महिन्यांत सीईटी सेलची वेबसाइट रोज सकाळी उघडायची सवय लाव, मेसेज येईल म्हणून वाट बघायची नाही.

ऑप्शन फॉर्ममध्ये माझं एकच मत आहे, आणि त्यावर मी ठाम आहे: कॉलेजं तुला खरंच हवीत त्या क्रमानं टाक, "हे मिळणार नाही" म्हणून वरचं कॉलेज गाळू नकोस. वर टाकल्यानं खालचं जात नाही, मशीन वरून खाली बघत येतं आणि तुझ्या स्कोअरला जे पहिलं बसतं ते देतं. पण पहिल्या नंबरला जे टाकशील ते मनापासून टाक, कारण पहिली पसंती मिळाली की पुढच्या राउंडमध्ये बदलायला वाव राहत नाही. त्या वर्षीची माहितीपुस्तिका शेवटपर्यंत वाच, नियम वर्षागणिक थोडे हलतात, आणि कॉलेजच्या क्लार्कच्या आणि माझ्याही सांगण्यापेक्षा ती पुस्तिका खरी. शेवटी राहिलेल्या जागांसाठी संस्था स्तरावरचा राउंड होतो, तिथं घेतलेली जागा फी माफीत बसत नाही, म्हणून त्या राउंडची वाट बघत कॅपची मिळालेली जागा सोडायची नाही. इथं फार मुलं फसतात.

कॉलेज कुठलं, हे मात्र मी तुझ्या वतीनं ठरवणार नाही. मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ चं, बाबासाहेब तिथं १९३५ साली प्राचार्य झाले होते, फी अगदी कमी आणि हायकोर्ट हाकेच्या अंतरावर, पण स्पर्धा तेवढीच. पुण्याचं आयएलएस १९२४ पासूनचं, तिथली लायब्ररी बघून मला आजही हेवा वाटतो. संभाजीनगरचं माणिकचंद पहाडे, लातूरचं दयानंद, कोल्हापूरचं शहाजी, या सगळ्यांतून निघालेले वकील आणि न्यायाधीश मी रोज बघते. माझा स्वतःचा कल असा की पहिल्या पिढीच्या मुलीनं शक्य असेल तर जिथं चालतं-बोलतं कोर्ट जवळ आहे आणि राहायची सोय खात्रीची आहे असं शहर निवडावं. पाच वर्षं रोज कोर्टात जाऊन बसायला मिळणं हे कुठल्याही चकचकीत कॅम्पसपेक्षा जास्त कामाला येतं. कॉलेजला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता चालू आहे का हे मात्र नक्की बघ, नाहीतर डिग्री असूनही सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, अडते.

महाडीबीटीचं आता, कारण फी माफी आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो आणि दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. ॲडमिशन झाली की आठ दिवसांत अर्ज टाक, शेवटच्या तारखेला सर्व्हर बसतो हे दर वर्षीचं आहे. प्रवेशाचा प्रकार विचारतात तिथं कॅप निवडून तुझा अर्ज क्रमांक बरोबर टाक, चुकून नॉन-कॅप पडलं की अर्ज बाद. बँक खातं आधारशी जोडलेलं पाहिजे, आणि नुसतं "केवायसी झालंय" एवढं पुरत नाही, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, त्या बँकेत मॅपिंग झालंय का असं शब्दशः विचार, घरात दोन-तीन खाती असली की पैसे भलत्याच खात्यात जातात. अर्ज टाकल्यावर तो कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून विभागाकडं. कॉलेजच्या लॉगिनलाच महिना-महिना पडून राहतो, म्हणून दर आठवड्याला स्टेटस बघायचं आणि स्कॉलरशिपच्या टेबलवर जाऊन नम्रपणे पण न चुकता विचारायचं. ॲडमिशनच्या वेळी कॉलेजनं "आधी पूर्ण फी भरा, सरकारकडून आली की परत देऊ" असं सांगितलं तर शासन निर्णयाची प्रिंट पुढं ठेव आणि लेखी मागणी करायला सांग. लेखी द्यायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी सूर बदलतो. विकास शुल्क आणि इतर किरकोळ फी मात्र माफीत येत नाही, त्यासाठी थोडे पैसे बाजूला ठेवावे लागतील, पाटल्या मोडण्याइतके नाही.

राहण्या-जेवण्याचा खर्च हा खरा मोठा खर्च आहे हे लोक विसरतात. आधी सरकारी वसतिगृहाला अर्ज कर, ओबीसी-बहुजन कल्याण विभागाची आता मुलींची वसतिगृहं आहेत. तिथं नंबर नाही लागला तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, ओबीसी, व्हीजेएनटी आणि एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) मुलांसाठी, मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरात शिकत असशील तर वर्षाला ६० हजार थेट खात्यात, बाकी ठिकाणी त्याहून कमी. तिथं उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, आठ नाही, आणि जिल्ह्याला जागा ठरलेल्या असतात, म्हणून उशीर करू नकोस. अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी हीच सोय स्वाधार योजनेतून आहे आणि आदिवासी मुलांसाठी स्वयंम.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी पण पटकन लिहिते, कारण प्रत्येकजण ओबीसी मुलगी नसतो. अनुसूचित जातीत असाल आणि उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यात फीसोबत निर्वाह भत्ता पण येतो, वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे फी माफी. ओबीसी मुलग्यांना आठ लाखांच्या आत निम्मी ट्युशन फी, व्हीजेएनटी आणि एसबीसींना पूर्ण. ओपनमधल्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, तीही आठ लाखांच्या आत, निम्मी फी, एका कुटुंबातल्या दोन अपत्यांपर्यंत. अल्पभूधारक शेतकरी, नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता नक्की बघावा. यातल्या बहुतेक ठिकाणी परत तीच अट, कॅप.

क्लॅटबद्दल तू वाईट वाटून घेतलंयस ते पत्रात दिसतं. ती परीक्षा फक्त इंग्रजीत, लांबलचक उतारे, १२० मिनिटांत १२० प्रश्न आणि चुकीला पाव मार्क वजा. नुसत्या फॉर्मचे चार हजार, एससी-एसटी आणि बीपीएलना साडेतीन हजार, आणि काउन्सेलिंगची नोंदणी करायची तर वीस-तीस हजार एकदम भरावे लागतात. मराठी माध्यमातून, क्लासशिवाय, खेड्यातून पहिल्याच फटक्यात रँक आली नाही यात तुझं काही कमी पडलेलं नाही. मुंबई, नागपूर आणि संभाजीनगर या तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांत महाराष्ट्राचं डोमिसाइल असलेल्यांना राखीव जागा आहेत, म्हणून तुझ्या मागच्या मुलींना सांग की अकरावीतच ठरवा, आणि आयडिया नावाची संस्था आहे, प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेली, ती परिस्थितीनं मागं राहिलेल्या मुलांना क्लॅटची तयारी आणि पुढं कॉलेजातही आधार देते, त्यांच्याकडं वेळेत पोचा. पण तू एक वर्ष घरी बसून ड्रॉप घे असं मी सांगणार नाही. खेड्यात ड्रॉप घेतलेल्या मुलीवर लग्नाचा दबाव किती पटकन येतो ते मी माझ्याच नात्यात पाहिलंय. कॅपमधून मिळेल ते चांगलं कॉलेज घे, चालू पहिल्या वर्षात डिसेंबरची क्लॅट परत द्यावीशी वाटली तर दे.

कर्जाचं विचारलं होतंस. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरलेल्या यादीतल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आठ लाखांच्या आतल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत. चांगली योजना आहे. पण कर्ज फेडायचं कशातून ते आधी बघ. दहा लाख, दहा टक्के व्याज, दहा वर्षं, हप्ता महिन्याला साधारण १३ हजार २०० होतो. आणि तू लिहिलंयस तुला जज व्हायचंय. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट परत आणलीय, म्हणजे पाच वर्षं कॉलेज आणि मग किमान तीन वर्षं ज्युनिअरशिप. तालुक्याच्या कोर्टात ज्युनिअरला पहिल्या वर्षी काय मिळतं ते मला विचार, हप्ता सोड, एसटीच्या पासाचे पैसे सुटले तरी खूप. मी स्वतः पहिली दोन वर्षं सिनिअरकडं फक्त शिकायला मिळतंय एवढ्यावर काढली. कर्ज डोक्यावर असतं तर मला तिसऱ्या महिन्यात प्रॅक्टिस सोडून मिळेल ती नोकरी धरावी लागली असती. म्हणून जिला कोर्टात यायचंय तिनं बिनकर्जाची डिग्री घ्यावी, यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. सनदेची फी तरी आता आवाक्यात आलीय, सुप्रीम कोर्टाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालानं बार कौन्सिलांना कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त घेता येत नाही, ७५० रुपये आणि एससी-एसटींना १२५. त्याआधी वेगवेगळ्या राज्यांत हजारो रुपये मोजावे लागत होते.

तुझ्या मामेभावाचं विचारलंस, तो बारावी न करता मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट बीए झालाय आणि त्याला तीन वर्षांचं लॉ करायचंय. त्याला जड मनानं सांगावं लागतं की बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे असा प्रवेश चालत नाही, पाया म्हणजे रीतसर बारावी पाहिजे. बारावी होऊन मग मुक्त विद्यापीठातून बीए केलं असतं तर अडचण नव्हती. आधी कोणाला तरी विचारून फॉर्म भरू दे, सीईटीची फी वाया जाऊ नये.

इंग्रजीची भीती वाटते लिहिलंस. वाटू दे, वाचत राहा. राज्याची सीईटी मराठीतून देता आली ना? जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेपासून मराठी आहे, तिथं साक्षीपुरावा, अर्ज, युक्तिवाद सगळं तुझ्या भाषेत चालतं, आणि कोरडवाहू शेतीचा बांध म्हणजे काय, फेरफार कसा होतो, हे तुला शहरातल्या मुलीपेक्षा जास्त कळतं. इंग्रजी हायकोर्टासाठी आणि निकाल वाचण्यासाठी लागतं, ते पाच वर्षांत येतं. रोज एक निकाल, दोन पानं का होईना, डिक्शनरी घेऊन वाच.

आता या आठवड्याचं काम. त्या विद्यापीठाच्या फोनला सांग की लेखी अटी ईमेल करा, आम्ही कॅपनंतर कळवू. सोमवारी वडलांना घेऊन आजोबांच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना अर्ज देऊन प्रवेश निर्गम उतारा माग, अर्जाची पोच घे. मंगळवारी तहसीलला उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमी लेयर एकदमच टाका. उतारा हातात आला की मला त्याचा फोटो पाठव, जातीची नोंद कशी लिहिलीय ते बघून वंशावळीचं प्रतिज्ञापत्र मी तपासून देते, त्याचे पैसे लागणार नाहीत.